सैल आढळल्यास कार्यवाही

समोरच्या इमारतीतल्या नृत्यशिक्षिकेने एका सोमवारी सकाळी ट्रॅक्टरचे सोळा टायर विकत घेतले आणि ही गोष्ट तिला स्वतःला दुपारी बँकेच्या फोनवरून समजली. बाईंकडे ट्रॅक्टर नव्हता. ट्रॅक्टर उभा करायला जागा नव्हती. एक सायकल होती, तिचीही हवा गेलेली. टायर तुम्हीच घेतले का, असं बँकेने विचारलं तेव्हा त्या इतक्या हबकल्या की "कुठल्या मापाचे?" एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. या एका प्रश्नामुळे बाई गिऱ्हाईक आहेत की संशयित, हे पुढे पंधरा दिवस बँकेला ठरवता आलं नाही.

संध्याकाळपर्यंत बातमी रस्ता ओलांडून अलीकडच्या इमारतीत आली. प्रकार असा होता की त्यांच्या तळमजल्यावर कपडे धुण्याची सामायिक खोली होती आणि तिथे भिंतीवर पैसे भरायचं यंत्र होतं. कार्ड घालायचं, आकडे दाबायचे, की धुणं सुरू. या यंत्राच्या तोंडावर कोणीतरी हुबेहूब तसंच दुसरं खोटं तोंड बसवलं होतं. कार्ड आत जाता जाता ते वाचून घ्यायचं, आणि वरच्या पट्टीत दडवलेला टाचणीच्या डोक्याएवढा कॅमेरा कुठली बोटं कुठल्या आकड्यावर पडतात ते बघत बसायचा. कपडेही स्वच्छ निघत होते आणि बँकेतलं खातंही.

अलीकडच्या इमारतीतही तळमजल्यावर तशीच खोली होती. त्याच कंपनीचं तेच यंत्र, त्याच उंचीवर. दुसऱ्या मजल्यावरच्या शिक्केकाकांना हे ऐकून असा धक्का बसला की ते जिन्यातच बसले आणि काकूंनी पाणी आणून दिलं तरी पेला हातात धरूनच राहिले.

शिक्केकाका हे त्यांचं खरं नाव नव्हे, पण खरं नाव आता टपालवाल्यालाही सांगावं लागायचं. त्यांनी वजनमापे खात्यात एकतीस वर्षं काढली होती. दुकानोदुकानी जायचं, तराजू पारखायचा, वजनं तपासायची, आणि सगळं खरं ठरलं की तारेत शिशाचा मणी ओवून तो पकडीने दाबायचा. तो शिक्का. एकतीस वर्षांत त्यांच्या शिक्क्याखाली एकही खोटं माप निघालं नव्हतं, आणि हे ते कोणी विचारलं नाही तरी सांगत. निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी त्यांना त्यांचीच बाद झालेली पक्कड लाकडी पाटीवर स्क्रूने बसवून भेट दिली. त्याला दोन वर्षं झाली होती. या दोन वर्षांत त्यांना कोणी एकही गोष्ट तपासायला सांगितली नव्हती. घरात तपासण्यासारखं जे काही होतं ते काकूंनी आधीच तपासलेलं असे. माणसाला याचं दुःख होतं, आणि ते कुणाला सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी रहिवाशांची सभा भरली. अध्यक्षबाई निवृत्त मुख्याध्यापिका होत्या, त्यामुळे सभेत बोलायचं तर हात वर करावा लागे आणि उशिरा आलेले मागे उभे राहत. सल्ल्यांना तोटा नव्हता. तळमजल्यावरच्या विमावाल्यांनी यंत्राचा विमा उतरवायला सांगितला. पाचव्या मजल्यावरचे भूगोलाचे मास्तर म्हणाले की खोलीतला दिवाच काढून टाका, म्हणजे कॅमेऱ्याला काही दिसणार नाही. मग आकडे आपल्याला कसे दिसणार, असं कोणीतरी विचारलं, तर ते म्हणाले की तो तपशिलाचा भाग झाला. पहिल्या मजल्यावरच्या दंतवैद्यांचं मत पडलं की रोज कोणीतरी ते तोंड ओढून बघावं. खोटं असेल तर हलेल. त्यांच्या धंद्यात हे त्यांनी फार वर्षं केलं होतं.

नेमकं हेच यंत्रकंपनीच्या सूचनापत्रकात होतं. ते एकपानी पत्रक अध्यक्षबाईंनी वर्गात धडा वाचावा तसं वाचलं. आयुष्यात कधी धुणं न धुतलेल्या माणसाने ते लिहिलेलं असावं, कारण यंत्राच्या तोंडाला त्यात 'कार्डप्रवेशद्वार' म्हटलं होतं. यंत्र रोज प्रमाणित छायाचित्राशी ताडून पाहावे. कार्डप्रवेशद्वार हाताने ओढून पाहावे. सैल आढळल्यास तत्काळ कार्यवाही करावी. आणि हे सगळं करायला एक जबाबदार व्यक्ती नेमावी.

जबाबदार व्यक्ती हे शब्द उच्चारले गेले तेव्हा शिक्केकाकांचा हात आधीच वर होता. ते उभे राहिले. "माझ्या शिक्क्याखाली या इमारतीतल्या एकाही कार्डाला धक्का लागला," ते म्हणाले, "तर पुन्हा जन्मात पकडीला हात लावणार नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकू मागच्या रांगेत होत्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण मांडीवर धुण्याची टोपली होती.

बुधवारी सकाळी आठ वाजता काका धुलाईखोलीत उतरले. बरोबर पोलादी पट्टी, भिंग, कापूस आणि रकाने आखलेली नवी वही. यंत्राचे समोरून, बाजूने, खालून असे चौदा फोटो काढले, त्यातला उत्तम निवडला आणि प्रमाणित छायाचित्र म्हणून मंजुरीसाठी कंपनीकडे पाठवला. तिसऱ्या मिनिटाला उत्तर आलं: आपले छायाचित्र मिळाले, आपण आमच्यासाठी महत्त्वाचे आहात. काकांना हे उत्तर फार आवडलं. खात्यात असताना त्यांच्या पत्राला तीन मिनिटांत उत्तर आल्याचं त्यांना आठवत नव्हतं. त्यांनी फोटो मोठा करून आणला, खाली 'मंजूर' असं लिहिलं, उत्तराचा क्रमांक घातला आणि यंत्राशेजारी भिंतीवर लावला.

मग त्यांनी तोंड ओढून पाहिलं. ते हललं.

फार नाही, केसभर. पण एकतीस वर्षं ज्याने गुंजभर फरक पकडला त्याला केसभर म्हणजे हातभर.  काकांनी पत्रक पुन्हा काढलं. सैल आढळल्यास तत्काळ कार्यवाही करावी. आता, सरकारी नोकरीत ज्याची हयात गेली त्याला कार्यवाही आणि कारवाई यांतला फरक कोणी शिकवायला नको. कारवाई म्हणजे कोणाला तरी पकडायचं, दंड करायचा, नोटीस धाडायची. कार्यवाही म्हणजे समोर आलेलं काम आपण करून टाकायचं आणि तशी नोंद घ्यायची. तराजूचा काटा सैल असला तर ते स्वतः खिशातला पेचकस काढून तो घट्ट करत आणि वर शिक्का मारत. कंपनीला कारवाई हवी असती तर कंपनीने कारवाई लिहिलं असतं. फोटोत तर तोंड तंतोतंत असंच होतं, म्हणजे ते कंपनीचंच होतं आणि वापराने सैल झालं होतं, हे उघड होतं.

ते घरी गेले आणि दोन नळ्या एकत्र कालवून लावायचा तो गोंद घेऊन आले. या गोंदाने त्यांनी पूर्वी एकदा न्हाणीघरात साबणाची वाटी चिकटवली होती. पुढे फरशी बदलायची वेळ आली तेव्हा ती वाटी फरशीसकट आणि थोड्या भिंतीसकट निघाली. काकांनी कडेकडेने सगळीकडे गोंद भरला, पाच मिनिटं दाबून धरलं, आणि तो वाळेपर्यंत घरी जाऊन पाटीवरची पक्कड स्क्रू काढून सोडवून आणली. तार ओवली. शिशाचा मणी दाबला. कट्ट असा तो ओळखीचा आवाज दोन वर्षांनी कानावर पडला तेव्हा त्यांना किती बरं वाटलं ते सांगून खरं वाटणार नाही. वहीत त्यांनी लिहिलं: केसभर सैल आढळले, कार्यवाही केली. वर पाटी लावली: तपासलेले आहे, निर्धास्त वापरा.

आणि लोक निर्धास्त वापरू लागले. जे दोन दिवस घाबरून घरी बादलीत कपडे बुचकळत होते तेही चादरी घेऊन खाली उतरले. दंतवैद्यांनी तोंड स्वतः ओढून पाहिलं आणि मुळं घट्ट आहेत असा निर्वाळा दिला. काका रोज सकाळी आठला जात, यंत्र फोटोशी ताडून पाहत, वरच्या पट्टीतली बारीकशी काळी टिकली कापसाने लख्ख पुसत आणि वहीत 'ठीक' असं लिहून सही करत. जिन्यात लोक त्यांना वाट देऊ लागले.

फक्त काकूंची तक्रार होती. त्या म्हणाल्या की पूर्वी कार्ड आत घातलं तरी निम्मं बाहेर राहायचं, आता नखाएवढंच राहतं आणि ओल्या हाताने चिमटीत येत नाही. असं कसं झालं? काका हसले. काकूंचं कार्ड त्यांनी पट्टीने मोजलं, बँकेच्या मापाप्रमाणे बरोबर होतं. काकूंना चष्म्याचा नंबर तपासून घ्यायला सांगितलं. काकू म्हणाल्या, "अहो, डोळ्याने नाही, बोटाने कळतंय मला." पण तक्रार तोंडी असली तरी ती नोंदवणं काकांना भाग होतं. त्यांनी वहीत लिहिलं: सौ. यांची तोंडी तक्रार, कार्ड चिमटीत येत नाही. चौकशी केली. कार्ड योग्य, चिमटी सदोष. तक्रार निराधार. सही.  काकू पुन्हा घरी बादलीत धुऊ लागल्या आणि काकांना वाटलं की त्यांना व्यायाम हवा असेल.

बाराव्या दिवशी दुपारी कंपनीचा माणूस आला. निळी टोपी, हातात अवजारांची पेटी. काका सावध होतेच, त्यांनी ओळखपत्र मागितलं. फोटो हुबेहूब जुळत होता. शर्टही तोच होता आणि हसूही तेच. वार्षिक देखभालीसाठी आलोय, तोंड काढून साफ करायचंय, असं म्हणून टोपीवाल्याने तोंडाला हात घातला आणि ओढलं. मग दोन्ही हातांनी ओढलं. मग भिंतीला पाय लावून ओढलं. काका बाजूला उभे राहून अभिमानाने बघत होते.

"हलणार नाही," ते म्हणाले. "कार्यवाही केलीय."

टोपीवाल्याने गोंद कुठला ते विचारलं. काकांनी दोन्ही नळ्यांची माहिती दिली, साबणाच्या वाटीची हकिकतही सांगितली. ती ऐकता ऐकता टोपीवाल्याच्या चेहऱ्याचा रंग उडत गेला. त्याने पेटीतून छिन्नी काढली, तर काकांनी त्याचा हात धरला. शिक्का होता. शिक्का तोडायचा तर समितीचा ठराव हवा, असं कसं कोणीही येऊन तोडेल? टोपीवाल्याने विनवण्या केल्या, वरिष्ठांचा धाक घातला, शेवटी यंत्राला टेकून त्याने डोळे मिटून घेतले. काकांना त्याची दया आली. त्यांनी त्याला चहा पाजला आणि वही पुढे केली: नाव लिहा, सही करा, शेरा लिहा, आणि फोन नंबर लिहा, म्हणजे ठराव झाला की कळवतो. टोपीवाल्याने बराच वेळ वहीकडे पाहिलं आणि नंबर लिहिला. शेऱ्याच्या रकान्यात काकांच्या आग्रहावरून लिहिलं: उत्तम देखभाल. तो शेरा काकांनी संध्याकाळी चार मजल्यांवर दाखवला.

त्यानंतर तीन दिवसांनी एक सडपातळ बाई आली. तिची पिशवी तिच्यापेक्षा मोठी होती. आपण यंत्रकंपनीच्या मेकॅनिक आहोत, सगळ्या यंत्रांच्या आत नवी जाळी बसवत चाललोय, तिच्यामुळे खोटं तोंड लावताच येत नाही, असं तिने सांगितलं. काकांनी ओळखपत्र मागितलं. फोटोत लांब वेणी होती, समोर मानेवर कापलेले केस. फोटोशी जुळत नाही, म्हणजे प्रश्नच मिटला. त्यातून कंपनीचा माणूस तीनच दिवसांपूर्वी येऊन गेलेला. बाई यंत्राच्या तोंडाशी वाकून काहीतरी पुटपुटू लागल्या तशी काकांनी हळूच बाहेर येऊन दाराला कडी घातली आणि पोलिसांना फोन केला. एकतीस वर्षांत कारवाई करायचा योग त्यांना क्वचित आला होता. तो आता आला होता.

दोन पोलीस आले, एक जाड साहेब आणि एक लिहून घेणारा. त्यांच्यामागून निम्मी इमारत आली, आणि काकूही आल्या, हातात टोपली घेऊन. कडी काढली. आत मेकॅनिकबाई शांतपणे उलट्या बादलीवर बसल्या होत्या. त्या उठल्या, साहेबांना कंपनीचा फोन लावून दिला, आपली ओळख पटवली, मग यंत्राकडे बोट दाखवून म्हणाल्या:

"साहेब, हे तोंड आमचं नाही."

 शिक्केकाकांनी आधी यंत्राकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या मंजूर फोटोकडे, मग पुन्हा यंत्राकडे. दोन्ही तंतोतंत जुळत होते. मेकॅनिकबाईंनी आपल्या फोनवर खऱ्या तोंडाचा फोटो काढून दाखवला. ते सपाट होतं. भिंतीवरचं बोटाच्या दोन पेरांएवढं पुढे आलेलं होतं. म्हणजे काकांनी पहिल्या सकाळी चौदा फोटो काढले तेव्हाच खोटं तोंड यंत्रावर बसलेलं होतं. त्यांनी चोराच्या मालाचा फोटो काढला होता, चोराचा माल गोंद लावून पक्का केला होता, आणि त्याला स्वतःचा शिक्का मारला होता. काका त्याच उलट्या बादलीवर बसले.

"आणि हा कॅमेरा," वरच्या पट्टीतल्या काळ्या टिकलीवर नख ठेवत बाई म्हणाल्या. त्यांनी जवळ जाऊन पाहिलं. "इतका स्वच्छ मी पहिल्यांदाच बघतेय."

एकदम सगळे बोलू लागले. विमावाल्यांना आपण सोळा टायर घेतल्याचा भास होऊ लागला. भूगोलाचे मास्तर दिव्याविषयी आपण काय म्हणालो होतो याची सगळ्यांना आठवण करून देत होते. दंतवैद्य हळूच मागे सरकले. इमारतीतल्या सगळ्या घरांची कार्डं पंधरा दिवस त्या तोंडातून गेली होती, तीही काकांच्या पाटीवर विश्वास ठेवून. साहेबांनी वही मागितली. काकांनी ती दिली, आणि देता देता त्यांना तिसरं पान आठवलं, पण वही तोवर साहेबांच्या हातात गेली होती. साहेब मोठ्याने वाचत होते आणि दुसरा लिहून घेत होता. केसभर सैल आढळले, कार्यवाही केली. ठीक. ठीक. ठीक. सौ. यांची तोंडी तक्रार, कार्ड चिमटीत येत नाही. चौकशी केली. कार्ड योग्य, चिमटी सदोष.

साहेब थांबले. "ही सौ. कोण?" त्यांनी विचारलं.

काकूंनी टोपली खाली ठेवली. "मी," त्या म्हणाल्या.

मेकॅनिकबाईंनी त्यांच्याकडे बघून मान हलवली. खोटं तोंड जेवढं पुढे येतं, त्या म्हणाल्या, तेवढं कार्ड बाहेर कमी उरतं. यंत्र उघडून बघायच्याही आधी हे बोटाला कळतं, फक्त कोणी ऐकून घ्यायला हवं. काकूंनी यावर एकदाही काकांकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं, असं काकांना वाटलं. एवढी शरम त्यांना उभ्या आयुष्यात वाटली नव्हती.

"हे काढून घ्या," ते कसंबसं म्हणाले, "आणि माझ्यावर काय कारवाई करायची ती करा."

काढून घेणं सोपं नव्हतं. मेकॅनिकबाईंनी पेचकस लावला, पाती घातली, गरम हवेचं यंत्र धरलं. तोंड जागचं हललं नाही. "कोणी लावलंय हे?" त्या वैतागून म्हणाल्या, आणि म्हणता म्हणताच थबकल्या. त्यांनी खालून निरखून पाहिलं आणि विचारलं की मधे कोणी हे काढायला आलं होतं का. काकांनी निळ्या टोपीची हकिकत सांगितली, भिंतीला लावलेल्या पायासकट. ती ऐकून मेकॅनिकबाई हसू लागल्या. हा जुन्या पद्धतीचा प्रकार होता. कार्डांची माहिती बाहेर कुठे जात नाही, ती या तोंडाच्या पोटातच साठते, आणि चोराला ते परत येऊन काढून न्यावं लागतं. त्याने चिकटपट्टीवर बसवलं होतं, दोन बोटांनी निघावं म्हणून. काकांच्या गोंदाने ते भिंतीचं करून टाकलं होतं. इमारतीतलं एकही कार्ड चोराच्या हाती लागलेलं नव्हतं. तरी सगळ्यांनी आजच कार्डं बदलून घ्या, असं बाई म्हणाल्या, पण ते ऐकायला कोणी भानावर नव्हतं.

साहेबांनी शेवटचं पान उघडलं. टोपीवाल्याचं नाव खोटं होतं, सही खोटी होती. पण माल परत हवा असल्यामुळे नंबर खरा असण्याची शक्यता होती. त्यांनी काकांना फोन लावायला सांगितला: सांगा की ठराव झाला, शिक्का तोडायला या.

काका बादलीवरून उठले. "ठराव झालेला नाही," ते म्हणाले.

साहेबांनी समजावलं की नुसतं म्हणायचंय. काकांनी मान हलवली. आजच्या दिवसात त्यांच्या शब्दाचं जे काही उरलं होतं ते त्यांना घालवायचं नव्हतं. शेवटी अध्यक्षबाईंनी तिथेच, धुलाईयंत्रांच्या मधोमध, तातडीची सभा बोलावली. उशिरा आलेले मागे उभे राहिले. दंतवैद्यांनी ठराव मांडला, विमावाल्यांनी अनुमोदन दिलं, आणि पोलिसांचा हात चुकून वर गेला तो मोजला नाही. एकमताने मंजूर. मग काकांनी फोन लावला आणि स्वच्छ मनाने सांगितलं की ठराव झाला आहे. पलीकडून इतका मोठा सुस्कारा आला की तो सगळ्यांना ऐकू गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला टोपीवाला आला. या वेळी पेटी दुप्पट मोठी होती. ठरावाची प्रत त्याने मागितली नाही, हे काकांना त्याही परिस्थितीत खटकलं. त्याने छिन्नी उचलली तेव्हा साबणाच्या खोक्यांमागून साहेब निघाले. टोपीवाल्याने पळायचा प्रयत्नही केला नाही. तो थकलेला होता.

"साहेब, चौदा इमारती केल्या," काकांकडे बोट दाखवून तो म्हणाला. "माझा माल कोणी सील करून ठेवलाय असं कुठेच झालं नाही."

यंत्राचा पुढचा पत्राच कापून काढावा लागला. तो खोट्या तोंडासकट आणि काकांच्या शिक्क्यासकट पोलीस ठाण्यात जमा झाला. वहीही गेली. नंतर सभा झाली तिथे काकांचा सत्कार करावा की निषेध, यावर दोन तास चर्चा झाली. शेवटी अध्यक्षबाईंनी इतिवृत्तात लिहिलं की सभेने शिक्केकाकांची नोंद घेतली. काका सभेला गेले नव्हते. कार्डं वाचली होती, हे खरं होतं. पण एकतीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या शिक्क्याखाली खोटी वस्तू निघाली होती, आणि कुठल्याही गोंदाने ते सांधलं जात नव्हतं. त्यांनी पक्कड परत लाकडी पाटीवर बसवली आणि स्क्रू शक्य तितके घट्ट आवळले.

आठवड्याने मेकॅनिकबाई नवा पत्रा आणि आतली जाळी बसवून गेल्या. समितीने या वेळी जबाबदार व्यक्ती म्हणून काकूंना नेमलं. त्यांनी हात वर केला नव्हता. पहिल्या सकाळी आठ वाजता काकूंनी टोपली उचलली, नवी वही घेतली आणि काकांना म्हणाल्या, "चला, लिहायला कोणीतरी हवं." काका मागोमाग उतरले.

काकूंनी तोंड ओढून पाहिलं. मग हात नळाखाली धरून ओले केले आणि कार्ड आत घातलं. निम्मं बाहेर राहिलं. त्यांनी ते चिमटीत धरून काढलं, पुन्हा घातलं, पुन्हा काढलं. मग कार्ड काकांच्या हातात दिलं. काकांनीही हात ओले केले, कार्ड घातलं आणि चिमटीत धरलं. ते येत होतं.

काकूंनी टोपलीतल्या चादरीखालून पक्कड काढली. स्क्रू कधी आणि कशाने सोडवले, ते त्यांनी सांगितलं नाही. "लावा शिक्का," त्या म्हणाल्या.

काकांनी पक्कड घेतली नाही. त्यांनी आधी वही उघडली आणि पहिल्या पानावर, पहिल्या रकान्यात, सुबक अक्षरात लिहिलं: मागील वहीतील नोंदीची दुरुस्ती. तक्रार साधार. चिमटी निर्दोष. खाली पूर्ण सही केली.

काकूंनी ती नोंद दोनदा वाचली. तारीख राहिली, असं म्हणाल्या. काकांनी तारीख घातल्यावर त्यांनी हात पदराला पुसले आणि साक्षीदार म्हणून खाली सही केली.